वावरातल्या मोटरीवर एम.टेक.चा प्रबंध करायचाय, नेमकं मोजू काय?

दारव्ह्याची_लेक

नमस्कार. मी इलेक्ट्रिकल विभागात एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव दारव्हा तालुक्यात. मागच्या डिसेंबरात गव्हाच्या दुसऱ्या पाण्याला बाबांची पाच एचपीची मोटर जळली, तीन वर्षांतली तिसरी. भरून आणेपर्यंत आठ दिवस गेले. गहू कांडी धरायच्या वेळेलाच कोरडा राहिला.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा रात्रीच्या पाळीत स्टार्टरवर मीटर लावलं. फेज-फेजमधलं व्होल्टेज आलं 405, 398 आणि 379. सरासरी 394, त्यापासून सर्वांत मोठा फरक 15, म्हणजे असमतोल 3.8 टक्के. नेमा या अमेरिकी उत्पादक संघटनेच्या मानकात 1 टक्क्याच्या वर गेलं की मोटरीवरचा भार कमी करायला सांगतात. वायंडिंगची (मोटरीतल्या तारेच्या वेढ्यांची) तापमानवाढ साधारण असमतोलाच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी वाढते. म्हणजे आमच्या विहिरीवर ती सुमारे 29 टक्के जास्त. वायंडिंग दहा अंश जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. बाबांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मग चूक माही नव्हती त." ते तीन वर्षं स्वतःलाच दोष देत होते.

गाईड सर म्हणतात सिम्युलेशन कर, सहा महिन्यांत पेपर होतो. मॉडेल मी बनवलंय, चालतंही छान. पण त्यात डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज म्हणून गुंडाळलेली जाड तार नाही, सैल झालेला जंपर (खांबावरची जोडतार) नाही, रात्री दोनला एक फेज गेल्यावरही घूं घूं करत उभी राहिलेली मोटर नाही. मला गावातल्या पाच विहिरींवर नोंदी घेणाऱ्या पेट्या बसवायच्यात. पैसे थोडे आहेत. व्होल्टेज, करंट की तापमान? करंटच्या वर्णपटात 50 हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, दोषाच्या रेषा दिसतात (घसर, म्हणजे रोटर चुंबकीय क्षेत्राच्या वेगामागे पडतो ते प्रमाण, 5 टक्के धरली तर 45 आणि 55 हर्ट्झवर), त्यासाठी वेगळी सोय करू का?

मोटरवाला_आर्वी

ताई, मी 20 वर्षं झाले मोटरी भरून रायलो. तुमी जे पेटी लावून शोधणार ते जळालेल्या मोटरीच्या आत लिहून रायते. स्टार जोडणीची (तिन्ही कॉइलचं एक-एक टोक एकत्र बांधलेली) मोटर सिंगल फेजवर गेली, म्हणजे एक फेज तुटूनही चालू रायली, त दोन फेजचे कॉइल काळे अन् तिसरा नवाच्या नवा. डेल्टा (कॉइल त्रिकोणात जोडलेले) असली त एकच फेज जळते. लोडानं नायतर व्होल्टेज कमी पडून गेली त तिन्ही सारखे भाजलेले. एकाच जागी डाग असला त वेढे आपसात भिडले. पाण्याच्या सबमर्सिबलमधी तारेवर प्लास्टिक असते, ते वितळते, पण कोणता फेज गेला हे हाताले समजते.

माह्याकडे वही आहे. तारीख, गाव, एचपी, कोणते कॉइल गेले, समदं लिहितो. या अन् पाहून घ्या. अन् एक विचाराच, का कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवत होते का. लोक सांगाले लाजतात.

प्रयोगशाळा_नागपूर

मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वरच्या उत्तरातली ती वही तुमच्या प्रबंधाचा कणा ठरू शकते. पेटीतले आकडे कितीही असले तरी मोटर नेमकी कशानं गेली हे माहीत नसेल तर ते मुके राहतात.

आता मोजायचं काय. पहिली निवड करंट. व्होल्टेजच्या असमतोलापेक्षा करंटचा असमतोल सहा ते दहा पट असतो, कारण अभियंते चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी 1918 साली मांडलेल्या पद्धतीनं असमतोल व्होल्टेजमधून आपण जो उलटा फिरणारा घटक वेगळा काढतो, त्याला मोटर फार कमी विरोध करते. मोटरीला न्यूट्रल नसतो, तिन्ही करंटांची बेरीज शून्य. म्हणजे दोनच सीटी (करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) लावा, तिसरा गणितानं निघेल. वाचलेल्या पैशांत दोन व्होल्टेज मोजा. दर सेकंदाला आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) साठवा आणि स्टार्टर पडताना, शिवाय दर पंधरा मिनिटांनी, दहा सेकंदांचा कच्चा तरंग ठेवा. घड्याळाची चिप स्वतःच्या सेलवर हवी, नाहीतर लाईट गेली की वेळ चुकते. रोटरच्या रेषा सध्या सोडा. रोटरच्या दांड्या तुटणं हा तुमच्या गावातला आजार नाही, तिथं स्टेटर, म्हणजे वायंडिंग असलेला स्थिर भाग, जळतोय.

मॉडेल टाकू नका. विहिरीवरचं व्होल्टेज त्यात घाला, करंट काय येतो ते खऱ्याशी जुळवा. जिथं जुळणार नाही ते प्रकरण सरांपुढे ठेवा. आणि पेटी बसवताना मेन बंद, फ्यूज काढून खिशात, सोबत एक माणूस. ओल्या विहिरीच्या काठावर 415 व्होल्ट आहेत.

दारव्ह्याची_लेक

मॅडम, दोन सीटीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्या पैशांत पाचाच्या सात विहिरी होतील. कंडेन्सरसाठी पेटीवर वेगळी खूण ठेवते आणि नोंदीत शेतकऱ्याचं नाव लिहिणार नाही, म्हणजे लोक खरं सांगतील.

दादा, रविवारी सकाळच्या एसटीनं येते. बाबाही येणार म्हणतात. आमच्या तीन मोटरींचे जुने कॉइल त्यांनी गोठ्यात पोत्यात बांधून ठेवलेत, ते सोबत आणू का?

मोटरवाला_आर्वी

आणा. तिन्ही वेगवेगळ्या पोत्यात आणा, मिसळू नका.