जो पॅटर्नो: ४०९ विजय लिहायचे की २९८?

प्रश्न – स्तंभलेखक_नवा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक जो पॅटर्नो (पेन स्टेट विद्यापीठ) यांच्यावर हजारेक शब्दांचा लेख लिहायचा आहे. संदर्भ चाळतोय तर एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. कुठे ४०९ विजय, कुठे २९८. कुठे "निवृत्त", कुठे "हकालपट्टी". त्यांचा जुना साहाय्यक जेरी सँडस्की याने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणातली मुख्य घटना एका ठिकाणी २००१ची, दुसऱ्या ठिकाणी २००२ची. शिवाय ते दोषी ठरले होते का, हेही धड कुणी सांगत नाही. आकडे नक्की कोणते धरावेत? आणि सँडस्की प्रकरण लेखाच्या सुरुवातीला घ्यावं की शेवटी?

आकडेमोड

आधी आकडे. आजचा अधिकृत आकडा ४०९. गोंधळ कुठून आला ते सांगतो.

२९ ऑक्टोबर २०११ रोजी इलिनॉयला १०-७ असं हरवलं, तो त्यांचा ४०९वा विजय आणि शेवटचा सामना. त्यानंतर आठवड्याभरात जेरी सँडस्कीला अटक झाली. २३ जुलै २०१२ रोजी एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, १९९८ ते २०११ या काळातले पेन स्टेटचे सगळे ११२ विजय रद्द केले. १९९८ का, तर सँडस्कीविरुद्ध पोलिसांकडे पहिली तक्रार त्या वर्षी गेली होती. ११२पैकी १११ पॅटर्नोंचे. उरलेला एक त्यांच्या जागी हंगामी आलेल्या टॉम ब्रॅडलींचा, त्यामुळे "पॅटर्नोंचे ११२ विजय गेले" असं लिहू नका. बऱ्याच बातम्यांत ही चूक आहे.

४०९ वजा १११ म्हणजे २९८. १६ जानेवारी २०१५च्या तडजोडीत ते सगळे परत मिळाले. म्हणजे २९८ हा आकडा जेमतेम अडीच वर्षं अधिकृत होता. त्या काळात छापलेलं जे काही तुमच्या हाती लागेल त्यात तोच दिसणार.

विजय "रद्द" होणं आणि सामना "बहाल" होणं या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. बहाल केला तर प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात विजय जमा होतो. रद्द केला तर जिंकणाऱ्याचा विजय पुसला जातो, पण हरणाऱ्याचा पराभव तसाच राहतो. म्हणजे त्या सामन्याला हरलेला संघ आहे, जिंकलेला नाही! वर पॅटर्नोंचे स्वतःचे पराभव मात्र मोजलेच जात होते. त्यामुळे ४०९-१३६-३ (विजय-पराभव-बरोबरी) चं २९८-१३६-३ झालं आणि यशाचं प्रमाण जवळपास ७५ टक्क्यांवरून साडेअडुसष्टवर आलं.

आणखी एक सापळा. "सर्वाधिक विजय" असं मोघम लिहू नका. ४०९ हा सर्वोच्च विभागातला विक्रम आहे. खालच्या विभागात जॉन गॅग्लियार्डींचे ४८९ आहेत. पॅटर्नो २९८वर असताना सर्वोच्च गटात पहिला नंबर ३७७ विजयांच्या बॉबी बाउडेनकडे गेला होता आणि गंमत म्हणजे त्यांचेही १२ विजय वेगळ्या प्रकरणात आधीच रद्द झालेले होते.

कलम_आणि_पुरावा

आता "दोषी की निर्दोष". दोन्ही शब्द चुकीचे ठरतील. पॅटर्नोंवर कधी आरोपपत्रच दाखल झालं नाही आणि २२ जानेवारी २०१२ रोजी ते वारले. गुन्हेगार आहे तो सँडस्की: १९९९पर्यंत त्यांचा बचाव-प्रशिक्षक, गरजू मुलांसाठी १९७७ साली काढलेल्या संस्थेचा संस्थापक. जून २०१२मध्ये १० मुलांबाबतच्या ४८पैकी ४५ आरोपांत तो दोषी ठरला, शिक्षा ३० ते ६० वर्षं. निवृत्तीनंतरही त्याला विद्यापीठाच्या क्रीडासंकुलात मुक्त प्रवेश होता. हे वाक्य लेखात हवंच, नाहीतर वाचकाला पुढचं कळणार नाही.

पॅटर्नोंचा प्रश्न एका आठवड्याशेवटी येऊन थांबतो. फेब्रुवारी २००१, शुक्रवारी रात्री साहाय्यक माइक मॅक्वीरीने संकुलातल्या शॉवरमध्ये सँडस्कीला एका मुलासोबत पाहिलं. शनिवारी त्याने पॅटर्नोंना सांगितलं. रविवारी पॅटर्नोंनी क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातलं. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. सरकारी पक्षाने सुरुवातीला ही घटना मार्च २००२ची सांगितली आणि नंतर दुरुस्त केली. तुमच्या २००१-२००२ घोळाचं मूळ तेच.

त्या वेळच्या कायद्याने वरिष्ठांना कळवणं पुरेसं होतं आणि सरकारी वकिलांनीही ते मान्य केलं. राज्य पोलीस प्रमुखांनी मात्र नोव्हेंबर २०११मध्ये नैतिक जबाबदारीचा मुद्दा जाहीरपणे काढला. लेखात हे दोन मुद्दे एकाच वाक्यात कोंबू नका. कायदेशीर कर्तव्य पार पडलं, हे निर्विवाद आहे. तेवढ्याने भागतं का, हा वाद आहे. पुढची दहा वर्षं सँडस्की मोकळा फिरत होता आणि पॅटर्नोंनी पाठपुरावा केल्याची नोंद सापडत नाही. आपण आणखी काही करायला हवं होतं, असं त्यांनी स्वतः नोव्हेंबर २०११मध्ये म्हटलं.

फ्री अहवाल (विद्यापीठाने नेमलेल्या लुई फ्री यांचा चौकशी अहवाल, जुलै २०१२, २६७ पानं) वापराल तेव्हा जपून. पॅटर्नोंसह चौघांनी प्रकरण दडवलं, असा त्याचा निष्कर्ष. त्याचा मोठा आधार म्हणजे ईमेल. बाहेर कळवायचं ठरत आलेलं असताना "जो यांच्याशी बोलल्यावर" आपलं मत बदललं, असं कर्ली यांनी २७ फेब्रुवारी २००१ रोजी लिहिलं होतं. बोलणं काय झालं, ते त्यात नाही. १९९८च्या तक्रारीची माहिती पॅटर्नोंना होती, हा निष्कर्षही "कोच" असा उल्लेख असलेल्या ईमेलवरून काढलेला. कुटुंबाने २०१३मध्ये स्वतःच्या तज्ज्ञांकडून अहवाल करून घेऊन हे खोडून काढायचा प्रयत्न केला. तेव्हा "अहवालाचा निष्कर्ष असा" हे शब्द गाळू नका. २०१६मध्ये विद्यापीठ आणि त्याच्या विमा कंपनीतल्या खटल्यातून बाहेर आलेला, सँडस्कीच्या अत्याचाराबद्दल १९७६ साली एका मुलाने पॅटर्नोंना सांगितल्याचा दावा, हा दावाच आहे. त्याची न्यायालयात छाननी झालेली नाही.

बाकी तिघांचं काय झालं: कर्ली आणि विद्यापीठाचे उपाध्यक्ष शुल्ट्झ यांनी २०१७मध्ये मुलांना धोक्यात घातल्याचा सौम्य गुन्हा कबूल केला. अध्यक्ष स्पॅनियर खटल्यात दोषी ठरले.

मैदानावरचा

सगळं बरोबर, पण लेख प्रशिक्षकावर आहे ना? १९५० साली साहाय्यक म्हणून आले, १९६६पासून मुख्य प्रशिक्षक, ४६ हंगाम. १९८२ आणि १९८६ची राष्ट्रीय अजिंक्यपदं. १९६८, ६९, ७३ आणि ९४मध्ये एकही सामना न हरता अजिंक्यपद हुकलं, कारण तेव्हा विजेता मतांवर ठरायचा. यातला एकही सामना शॉवर प्रकरणाने बदलत नाही. पहिल्याच ओळीत सँडस्की आला तर निम्म्या शतकाचं काम तळटीप होऊन बसेल. मी ते शेवटच्या तृतीयांशात घेईन.

वीट_आणि_पाटी

मैदानावरचा यांच्याशी अर्धाच सहमत. पॅटर्नो नुसते जिंकणारे प्रशिक्षक असते तर हे चाललं असतं. पण त्यांची ओळखच मुळी "खेळाडूने शिकलंही पाहिजे, जिंकावं तर सचोटीने" या प्रयोगावर उभी होती. स्टेडियमबाहेरच्या पुतळ्यामागच्या भिंतीवर त्यांच्या नावाखाली तीन बिरुदं होती: शिक्षक, प्रशिक्षक, मानवतावादी. मधल्याला कुणी हात लावला नाही. तिसऱ्याचं काय करायचं हा प्रश्न होता. म्हणून प्रकरण शेवटी चिकटवून चालणार नाही. पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात सूचना द्या, मग कारकीर्द, मग तपशील. आणि कारकिर्दीच्या भागात ही सचोटीची प्रतिमा कशी घडली ते सविस्तर लिहा, नाहीतर एवढा गहजब का झाला ते समजत नाही.

दुसरं, "वारसा पुसला गेला" असं सरसकट लिहू नका. वारशाचा प्रत्येक तुकडा वेगळ्या मालकाचा असतो आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीने निर्णय घेतो. पेन स्टेट ज्यात खेळतं त्या बिग टेन संघटनेने ट्रॉफीवरून पॅटर्नोंचं नाव अटकेनंतर दहा दिवसांत काढलं, कारण पहिलाच अजिंक्यपदाचा सामना तोंडावर होता. नायकीचे फिल नाइट जानेवारीतल्या शोकसभेत पॅटर्नोंच्या बाजूने उभे राहिले आणि फ्री अहवाल येताच कंपनीच्या बालसंगोपन केंद्रावरचं त्यांचं नाव उतरलं (त्या इमारतीवर ते राहणं शक्यच नव्हतं). पुतळा २२ जुलै २०१२च्या पहाटे हलवला. पण तो हलवणाऱ्या विद्यापीठाच्या नव्या अध्यक्षांनीच त्याच निवेदनात ग्रंथालयाला दिलेलं पॅटर्नोंचं नाव कायम ठेवलं: पॅटर्नो दांपत्याने विद्यापीठाला ४० लाख डॉलरहून अधिक दिले होते आणि ग्रंथालय ही त्यांच्या शैक्षणिक कामाची खूण मानली गेली. २००७ साली मिळालेलं कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममधलं स्थानही तसंच आहे.

एक बारकावा लेखात शोभेल. पॅटर्नोंच्या संघाच्या जर्सीवर खेळाडूचं नाव कधीच नसायचं, संघ आधी म्हणून. २०१२च्या शिक्षेत खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळायची मुभा मिळाली, तेव्हा जे थांबले त्यांच्या सन्मानार्थ नव्या प्रशिक्षकाने पाठीवर नावं छापली. २०१५मध्ये ती पुन्हा काढली. पुतळा परत आला नाही, कोरी जर्सी आली.

स्तंभलेखक_नवा

खूप आभार. दोन शंका. विजय परत मिळाले म्हणजे एनसीएएने त्यांना क्लीन चिट दिली असं लिहू शकतो का? आणि निवृत्ती की हकालपट्टी?

कलम_आणि_पुरावा

क्लीन चिट अजिबात नाही. एनसीएएने स्वतः चौकशी न करता फ्री अहवालावर विसंबून शिक्षा दिली होती आणि विद्यापीठाने ती सहमतीने स्वीकारली होती. पुढे दंडाचे ६ कोटी डॉलर पेनसिल्व्हेनियातच खर्च व्हावेत म्हणून राज्यातल्या एका सिनेटरने दावा लावला. त्यात एनसीएएच्या आतल्या ईमेल बाहेर आल्या आणि एवढा अधिकार आपल्याला आहे का, याबद्दल त्यांच्याच अधिकाऱ्यांना शंका होती हे दिसलं. खटला उभा राहण्याआधी तडजोड झाली: विजय परत, पैसा राज्यातल्या बालसंरक्षणाला. पॅटर्नोंना काय ठाऊक होतं यावर त्यात एक अक्षर नाही. "तडजोडीत विजय पुन्हा नोंदले गेले" एवढंच लिहा.

हकालपट्टीच. ९ नोव्हेंबर २०११च्या सकाळी त्यांनी हंगामाअखेर निवृत्त होण्याची घोषणा केली, रात्री विश्वस्त मंडळाने फोनवरून काढून टाकलं. दोन्ही शब्द एकाच दिवसाचे आहेत.

आकडेमोड

तारखा टाकताना एवढं तपासून घ्या: पुतळा बसवला नोव्हेंबर २००१, शॉवरची घटना त्याच वर्षी फेब्रुवारीत. फोटो वापरणार असाल तर ओळीत "हटवला, २०१२" हवं, नाहीतर पुतळा अजून तिथेच आहे असं वाचकाला वाटेल.