पाढे म्हणजे अत्याचार? मग माझंही ऐका

गुरुजी, अमळनेर: काल एका ताईंची पोस्ट फिरत होती: 'तिसरीच्या पोरांकडून पाढे घोकून घेणं हा मेंदूवर अत्याचार आहे, संशोधनाने पाठांतर कधीच निकालात काढलंय.' कोणत्या संशोधनाने, त्याचा पत्ता नाही. एकतीस वर्षं खडू झिजवलाय, म्हणून राहवलं नाही. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कॉलेजच्या पोरांना उतारे दिले. एका गटाने उतारा चारदा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने? वाचणारे 40 वर, आठवणारे 61 वर. पुस्तक मिटून आठवायचं, म्हणजे आमचा संध्याकाळी पाढे म्हणायचा परवचाच की!

धुळ्याची आई: पोस्ट माझीच. गुरुजी, ती पोरं अर्थ असलेला उतारा आठवत होती. माझा मुलगा पंचवीसपर्यंत घडाघडा म्हणतो. 'सात आठे?' विचारा, डोळे मिटून 'सात एके सात'पासून चढत येतो. मध्ये कोणी खोकलं की पुन्हा तळमजल्यावर. ही आठवण आहे की जिना? आणि 1985 चा ब्राझीलचा प्रयोग विसरलात? तिथल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणारी पोरं गिऱ्हाइकाचा हिशोब 98 टक्के बरोबर करायची, कागदावर नुसती गणितं दिली तर 37. धंद्याने शिकली ती, छडीने नाही.

केळीवाला, रावेर: मग धंद्याचंच ऐका. आबा चौथी पास. साडेसतरा क्विंटल केळी, भाव चौदाशे. व्यापाऱ्याच्या पोराने मोबाईलवर 23,800 काढले. आबांनी बिडी बाजूला ठेवली, म्हणे, 'चौदा निमे सात. ते सातशे कुठे गेले?' पोराने अर्धा क्विंटल दाबलाच नव्हता. निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, पाठ नसती तर गेले असते सातशे.

शंकासुर, चाळीसगाव: ब्राझीलच्या त्या प्रयोगात पोरं होती पाच. पाच! एवढी तर आमच्या गल्लीत क्रिकेटला असतात. पुढे अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी-डुफ्लो मंडळींनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात कितीतरी जास्त पोरं घेतली, 2025 मध्ये छापलं. बाजारातली पोरं शाळेच्या गणितात अडकतात आणि शाळेतली बाजाराच्या. म्हणजे दोन्ही बाजूंनी ओरडणं थोडं कमी करा.

साक्रीकर: पाठांतराला हसणाऱ्यांनी कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवा. अक्षरओळख नाही, सगळं डोक्यात. आमच्या अहिराणीचा खजिना!

केळीवाला, रावेर: थांबा भो. बहिणाबाई आसोद्याच्या. बोली लेवा गणबोली. अहिराणी नाही. दर वेळी तेच.

साक्रीकर: खान्देशात कोणी काही चांगलं केलं की तुम्ही लगेच वेगळी चूल मांडता.

केळीवाला, रावेर: तुम्ही 'माले' म्हणता, आम्ही 'मले'. कानाने ऐका की.

साक्रीकर: एका कान्यावरून भाषा वाटता? दुसरीत असताना 'माले घर जावानं शे' म्हटलं म्हणून मला तासभर बाकावर उभं केलं होतं. ते आठवायला कोणता परवचा लागला नाही. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं लेवा की अहिराणी, दोघांनाही 'अशुद्ध'च म्हणायचे.

केळीवाला, रावेर: उभं आम्हालाही केलंय. म्हणून बहिणाबाई तुमच्या होत नाहीत.

धुळ्याची आई: विषय पाढ्यांचा होता! आणि बहिणाबाई पाठ म्हणत नव्हत्या, रचत होत्या. मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतलं म्हणून उरलं. नुसत्या डोक्यात राहिलं असतं तर आज भांडायलाही काही नसतं.

गुरुजी, अमळनेर: ताई, जिन्याचं मात्र मान्य. चढत्या क्रमाने पाढे म्हणवून घेतो आणि परीक्षा झाली समजतो, ही आम्हा मास्तरांची खोड आहे. उलटसुलट विचारायला हवं. पण आधी पाठ असेल तरच उलटसुलट विचारता येतं ना?

धुळ्याची आई: वा, शेवटी 'पण' आलाच. बरं, काल विचारून बघितलं. सात आठेला थांबला, बोटं मोजली, छप्पन म्हणाला. बारा सातेला रडला. खूश?

गुरुजी, अमळनेर: रडवू नका. दोन दिवसांनी परत विचारा.

साक्रीकर: आणि माले-मलेचं काय ठरलं?