शेजारच्या आजोबांची बोलिंगची हत्यारं: कुणाला वाचता येतात का?

मिलवॉकीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या आजोबांचं चाळीसेक वर्षं बोलिंगच्या (बॉल घरंगळवून पिना पाडायच्या खेळाच्या) बॉलना बोटांसाठी भोकं पाडून देण्याचं दुकान होतं. माझ्या बॉललाही त्यांनीच भोकं पाडून दिली होती. मागच्या महिन्यात ते गेले आणि आजींनी त्यांची पेटी माझ्या हातात दिली, "तू इंजिनियर आहेस, तुला कळेल" म्हणून. मला निम्मंही कळत नाही.

आत एक वाकणारी स्टीलची पट्टी आहे, तिच्यावर इंचाचे भाग कोरलेत. एका खोगिरासारख्या तुकड्याला खाली दांडा आहे आणि वर कमानीवर मधोमध शून्य. वाटी बसवलेला एक छोटा तराजू आहे. शिवाय गिऱ्हाइकांची दोनशेवर कार्डं. माझ्या कार्डावर अंगठ्यासमोर लिहिलंय: '१/८ आर'. हा 'आर' म्हणजे रिव्हर्स की राइट? टाकून द्यायला जीव होत नाही.

डेट्रॉइटकर:
टाकू नका हो! मी कॉलेजात असताना प्रो शॉपमध्ये, म्हणजे अशाच बॉल ड्रिल करणाऱ्या दुकानात, तीन वर्षं काम केलंय.

पट्टी स्पॅन मोजायची: अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून बोटाच्या भोकाच्या कडेपर्यंत, बॉलच्या गोलाईवरून. कडा घासून गोल केलेल्या असतात, त्यामुळे ती थोडं कमी दाखवते.

खोगीर म्हणजे पिच गेज, भोकाचा झुकाव (पिच) मोजायचं. भोक थेट बॉलच्या मध्याकडे जात असेल तर पिच शून्य. १/८ म्हणजे भोकाची रेष मध्यापासून १/८ इंच बाजूने जाते. भोक तळव्याकडे झुकलं की फॉरवर्ड, पकड घट्ट. तळव्यापासून दूर गेलं की रिव्हर्स, अंगठा लवकर सुटतो. डावी-उजवीकडची पिच वेगळी मोजतात. म्हणून तुमचा 'आर' दोन्ही असू शकतो.

तराजूला डोडो म्हणतात. बॉलची एक बाजू समोरच्या बाजूपेक्षा किती औंस जड आहे ते तो सांगतो. १० पौंडांवरच्या बॉलला बाजूचा फरक फक्त १ औंस चालायचा. जास्त झाला तर एक जादा भोक पाडून वजन काढायचे. ऑगस्ट २०२० पासून मर्यादा ३ औंस झाली आणि ते जादा भोक बंद झालं. तुमच्या आजोबांच्या काळात मात्र या तराजूशिवाय दुकान चाललंच नसतं.

शिरोलीचा फिटर:
मी कोल्हापूरचा, बोलिंग कधी खेळलो नाही, पण गेज ओळखतो. १/८ इंच म्हणजे आमचं एक सूत. दादा, कोडं सोडवायला तुमच्याकडे मास्टर पीस (ताडून बघायचा नमुना) आहेच की! त्यांनीच भोकं पाडलेला बॉल. त्याच्या अंगठ्याच्या भोकात दांडा घाला आणि बघा, तो कुठल्या बाजूला एक सूत दाखवतोय. कारागिराची खूण त्याच्या कामावरूनच वाचायची. दांडा भोकात हलता कामा नये.

डेट्रॉइटकर:
अगदी बरोबर. आणि भोकात प्लॅस्टिकची नळी किंवा रबर बसवलं असेल तर मोजताना ध्यानात ठेवा. ते तिरकं बसलेलं असलं तर आकडा फसवतो.

मिलवॉकीकर:
आत्ताच गॅरेजमधून आलो. माझ्या अंगठ्याच्या भोकात नळी नाही, सरळ बॉलमध्येच पाडलंय. तळव्यापासून दूर बरोब्बर १/८, बाजूला शून्य. म्हणजे 'आर' रिव्हर्स! मग दुसरी कार्डं काढली. बाजूची पिच ते अक्षरात लिहीतच नव्हते, आकड्यापुढे छोटा बाण काढायचे. इतके दिवस ते बाण मला पेन घसरल्यासारखे वाटत होते.

फिटरदादा, तुमचे मनापासून आभार. कार्डांवरची चार नावं आमच्या गुरुवारच्या लीगमध्ये अजून खेळतात. त्यातल्या एकाला नवा बॉल घ्यायचाय आणि त्याचं माप कुणाकडेच नाही म्हणून तो अडून बसलाय. उद्या त्याचं कार्ड घेऊन जातो, सोबत पट्टी आणि गेजही.