मदत हवी आहे: पोर्तुगालमधले राजवाडे आणि मठ, गाडी-ड्रायव्हरसह

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना पोर्तुगाल दाखवायचंय. दोघंही सत्तरीपुढचे, बाबांचे गुडघे दुखतात. म्हणून ग्रुप टूर नको. स्वतंत्र गाडी, इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर आणि चांगली हॉटेलं, थोडा जास्त खर्च झाला तरी चालेल.

लिस्बन, सिंत्रा, माफ्रा, आल्कोबासा, बाताल्या, तोमार असा बेत आहे. आईचा जीव आल्कोबासात अडकलाय. तिथे राजा पेद्रू आणि 1355 मध्ये मारली गेलेली त्याची प्रेयसी इनेश यांच्या कबरी पायांशी पाय करून ठेवल्यात, कयामतीच्या दिवशी उठताच एकमेकांचा चेहरा दिसावा म्हणून. बाबांना माफ्राच्या राजवाड्यातलं ग्रंथालय बघायचंय. तिथली वटवाघळं रात्री पुस्तकांतले किडे खातात!

आता प्रश्न. आल्कोबासा आणि बाताल्या जवळजवळ आहेत, पण त्याच दिवशी तोमारही केलं तर दमछाक होईल का? माझ्या मते तोमारला मुक्काम हवाच, टेंप्लरांचा (मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा) तो मठ घाईत बघण्यासारखा नाही. सिंत्रात पेना राजवाड्याच्या चढावर गाडी कुठपर्यंत जाते? जुन्या मठांची किंवा राजवाड्यांची जी हॉटेलं झालीत, त्यांत लिफ्ट असते का? आई अंडंही खात नाही, तर लहान गावांत जेवणाचं काय केलंत?

ड्रायव्हरच्या जेवण-मुक्कामाचा खर्च वेगळा धरतात का, हेही सांगा. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर लिहा.