मदत हवी आहे : सुदानहून आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पुण्यात शाळेत घालायचं आहे

नमस्कार मंडळी,

मी कोंढव्यात राहते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर गेल्या जूनमध्ये एक सुदानी बाई दोन मुलांना घेऊन राहायला आली. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी साडेचारची. तिचा धाकटा भाऊ इथे कॉलेजात शिकतो, त्याच्या ओळखीने जागा मिळाली. नवरा अजून पोर्ट सुदानला आहे, जमेल तसे पैसे पाठवतो. प्रश्न मुलाच्या शाळेचा आहे. जूनच्या प्रवेशांची धावपळ सुरू झालीय, त्यामुळे जरा घाईने लिहिते आहे.

१५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई सुरू झाली. रमझानचे शेवटचे दिवस होते. हे लोक नाईलच्या पलीकडच्या काठावरच्या ओमदुरमानचे. मुलगा तेव्हा दुसरीत होता. आधी उत्तरेला वादी हल्फा, तिथून सीमा ओलांडून इजिप्तमध्ये अस्वान, मग कैरोत एका खोलीत दोन वर्षं. तिथे शाळा मिळाली नाही. जुन्या शाळेचे कागद ओमदुरमानच्या घरातच राहिले. ती मला म्हणाली, "निघताना पाणी घेतलं, मुलीचं दूध घेतलं, पासपोर्ट घेतले. निकालपत्र कुणाच्या लक्षात राहणार?"

जवळच्या एका खासगी शाळेत मी स्वतः त्याला घेऊन गेले. दाखला नाही म्हटल्यावर तोंडं पडली. तरी चाचणी घेतली आणि सांगितलं, गणितात फार कच्चा आहे, तिसरीतही टिकणार नाही. बाईंनी पेपर दाखवला. पहिलंच उदाहरण दहा अधिक वीस, त्यापुढे उलट्या तीनासारखं काहीतरी आणि एक ठिपका. त्यावर लाल काट. येताना रिक्षात पोरगं एक शब्द बोललं नाही.

मला चैन पडेना, कारण हाच मुलगा वाण्याच्या दुकानात सुट्टे पैसे माझ्याआधी मोजतो. संध्याकाळी त्याला वर बोलावलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली दहा तारीख दाखवून विचारलं, हे किती? तो म्हणाला, "खमस्ताशर." त्याचा मामा दारातच उभा होता. तो म्हणाला, पंधरा.

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि गोल काढला की पाच! एक आणि दोन आपल्याकडच्या इंग्रजी आकड्यांशी बरेच जुळतात, म्हणून तेवढे त्याला ओळखीचे वाटले. गोल मात्र त्याने पाचच वाचला. म्हणजे समोरचं उदाहरण त्याच्या लेखी पंधरा अधिक पंचवीस होतं. उत्तर चाळीस. त्याने चाळीसच लिहिलं होतं, कारण त्यांचा चार उलट्या तीनासारखा दिसतो. मी सगळा पेपर त्या नजरेने परत तपासला. अकरापैकी नऊ उदाहरणं बरोबर होती. आता त्याला आणि मलाही एक तक्ता करून भिंतीवर लावलाय. त्यांचा सात म्हणजे वर तोंड केलेला चिमटा आणि आठ म्हणजे तोच पालथा घातलेला.

तो मला "खालती" म्हणतो. अरबीत खालती म्हणजे माझी मावशी. मी वरच्या मजल्यावर राहते, पण त्याची खालती आहे, आणि मला ते फार आवडतं.

त्याच्या आईबद्दलही लिहायला हवं. पहिल्या महिन्यात ती दार उघडायची नाही. मग एकदा गिरणीत भेटली, पिशवीत ज्वारी! मी ज्वारीचं पीठ म्हणजे भाकरी एवढंच धरून चालले होते. ते लोक पीठ भिजवून आंबवतात आणि तापल्या तव्यावर कागदासारखं पातळ पसरवतात, त्याला किसरा म्हणतात. तिकडे पसरवायला ताडाच्या पानाची पट्टी असते. इथे ती जुन्या प्लास्टिकच्या डब्याचं कापलेलं झाकण वापरते. मनगट एकदाच डावीकडून उजवीकडे फिरतं आणि तव्यावर कुठे जाड-बारीक राहत नाही. आमच्या घावनाला इतक्या वर्षांत ती सफाई आली नाही. तिच्या भावाचे मित्र आता किसरा मागवायला लागलेत.

तर मला विचारायचंय ते असं. दाखला नसताना प्रवेश मिळतो का, आणि कोणत्या इयत्तेत? माध्यम कोणतं घ्यावं? अरबी येत असल्याने उर्दू अक्षरं त्याला बरीचशी वाचता येतात, पण अर्थ कळत नाही. यांच्या व्हिसाची मुदत जुलैअखेर संपते, त्याचं काय करायचं? आणि किसरा विकून तिने चार पैसे मिळवले तर चालतं का? नियम माहीत असलेल्यांनी कृपया लिहा.

निवृत्त_मुख्याध्यापिका :
ताई, मनपाच्या शाळांत माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून खात्रीने लिहिते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात सहा ते चौदा वर्षांचं मूल एवढंच म्हटलंय, नागरिकत्वाची अट नाही. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला भाग विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा. म्हणजे दहा वर्षांचं मूल पाचवीत, दुसरीत नव्हे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून तर मुळीच नाही. ते कलम १४. त्याच्याकडे पासपोर्ट आहे, म्हणजे तो प्रश्नच नाही.

पण मुख्याध्यापक का कचरतात तेही समजून घ्या. विद्यार्थ्याची नोंद शिक्षण खात्याच्या सरल या पोर्टलवर करावी लागते आणि संच मान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदं मंजूर होताना, आधार जुळलेली मुलंच धरतात. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, पण शिक्षकांची पदं ठरवताना मोजलं जात नाही. म्हणून "आधार आणा, मग बघू" होतं. तर आधारच काढा! परदेशी नागरिकाला मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्यावर ते मिळतं. अर्ज वेगळा असतो, वैध पासपोर्ट आणि वैध व्हिसा लागतो. जूनपासून राहताहेत म्हणजे दिवस भरले असतील. व्हिसा चालू आहे तोवरच हे उरका.

माध्यम इंग्रजी घ्या असं मी म्हणेन. पुढे कुठे जावं लागेल कुणास ठाऊक, पण इंग्रजी सगळीकडे उपयोगी पडेल. मराठी तो जिन्यात खेळता खेळता शिकेल. आणि तुमचा तो आकड्यांचा तक्ता वर्गशिक्षिकेच्या हातात नक्की द्या.

पेठकर_७१ :
भावना समजतात, पण आधी आपल्या गरीब मुलांचं बघावं ना?

निवृत्त_मुख्याध्यापिका :
पटसंख्या नाही म्हणून वर्ग बंद होताना मी पाहिलेत. या मुलामुळे कुणाचं बाक जात नाही.

वकील_शिवाजीनगर :
व्हिसाचं सगळ्यात आधी. मुदत संपू देऊ नका. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबद्दलचा १९४६ चा जुना कायदा जाऊन नवा आलाय आणि मुदतीनंतर राहणं हा गंभीर गुन्हा आहे. मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर करायचा, पुण्यातली परदेशी नागरिक नोंदणी पोलीस आयुक्तालयात होते. ते राहायला आले तेव्हा घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती देणारा सी-फॉर्म भरलाय का तेही विचारा. परदेशी माणूस राहायला आल्यावर चोवीस तासांत ही माहिती कळवणं मालकाची जबाबदारी असते. पुष्कळांना हे माहीतच नसतं आणि पुढे अडचण भाडेकरूला येते.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर किंवा १९६७ च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः बघतं. सुदानसारख्या देशांतल्यांची नोंदणी दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात होते. तिथलं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हे त्यांना नीट समजावून सांगा. मात्र सरकार प्रकरण पाहून दीर्घ मुदतीचा व्हिसा देऊ शकतं, आणि तो मिळाला तर खासगी नोकरीही करता येते. तो मिळेपर्यंत किसरा विकून पैसे घेऊ नये. तिची तळमळ कळते, पण आत्ता तिच्याविरुद्ध एकही कागद व्हायला नको. बायकांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिला घेऊन जा.

पिंपरी_कॅम्प :
आम्ही सिंधी, पिंपरीचे. फाळणीनंतर आजी कॅम्पात आली तेव्हा माझे वडील नऊ वर्षांचे होते. त्यांच्या पाटीवर सिंधी अक्षरं, तीही उजवीकडून डावीकडे, आणि आकडे जवळपास तुमच्या सुदानी मुलासारखेच. मराठी येईना म्हणून शेवटच्या रांगेत बसवलं. एका मास्तरांनी शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास आकडे गिरवून घेतले. पुढे वडिलांनी चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं, हिशेबाची वही मराठीत. त्या मास्तरांचं नाव आमच्या घरात अजून निघतं. मी दर रविवारी कोंढव्यात येऊन त्याला तासभर शिकवू शकतो. ताई, निरोप पाठवा.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. मधले तीन आठवडे धावपळीत गेले. मालकांनी सी-फॉर्म भरलेला निघाला, जीव भांड्यात पडला. आधारचा अर्ज दिलाय. मुदतवाढीचे कागद तिचा भाऊ जमवतोय, प्राधिकरणात एक वकीलबाई भेटल्या, त्या दिल्लीच्या नोंदणीचंही बघणार आहेत. किसऱ्याचे पैसे घेणं तिने बंद केलं. गप्प बसली होती दोन दिवस. मग शुक्रवारी मुलाच्या हाती ताटलीभर वर पाठवला, सोबत भेंडीची आमटी.

मनपाच्या इंग्रजी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी आधी आधारच विचारलं, अर्जाची पावती दाखवली. मग मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो दोन मिनिटं पाहिला आणि मुलाला फळ्यापाशी बोलावून खडूने लिहिलं, पन्नास अधिक पाच. तो थबकला. बोटाने हवेत एक गोल काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि पंचावन्न लिहिलं, इंग्रजी आकड्यांत. जूनपासून पाचवी.

पिंपरीकर, या रविवारी अकराला या. आणि मंडळी, धाकटीचं राहिलंच. तिला तोवर अंगणवाडीत घालायचंय. कोंढवा बुद्रुकच्या बाजूला कुणाच्या ओळखीच्या सेविका असतील तर कळवाल का?