शून्य की पावणेआठ मीटर? मोनोपाइलभोवतीची धूप

रेवदंडेकरीण: नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला मास्टर्स करतेय. उत्तर समुद्रातल्या पवनचक्कीच्या मोनोपाइलभोवती (म्हणजे तळात रोवलेल्या एकाच जाड खांबाभोवती) तळाची वाळू किती धुपेल, ते काढायचंय. व्यास ६ मीटर. वादळात तळाशी लाटेचा वेग १.५ मीटर प्रतिसेकंद, आवर्तकाळ १२ सेकंद. वेग गुणिले काळ भागिले व्यास, म्हणजे केसी आकडा (पाइलच्या जाडीच्या मानाने लाटेचं पाणी किती लांब जातं ते) ३. सुमर-फ्रेड्सोंच्या धुपेच्या सूत्रात केसी ६ च्या खाली असला की खड्डा शून्य! नुसता भरती-ओहोटीचा प्रवाह धरला तर व्यासाच्या १.३ पट, म्हणजे ७.८ मीटर. एक्सेल तीनदा तपासलं.

जेट्टीवाले काका: एक्सेल बरोबर आहे गं. लाटेचं पाणी सहा सेकंदांत उलटं फिरतं. एवढ्या जाड पाइलपुढे घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा धरायला तेवढा वेळ पुरत नाही. भरती मात्र तासन्‌तास एकाच दिशेला रेटते आणि तो भोवरा पायथा उपसत बसतो. म्हणून शांत हवेत खड्डा खोल जातो, वादळात बुजतो.
खाडीतल्या जेट्टीला आम्ही दोरीला शिसं बांधून मोजायचो. एका वादळानंतर दोरी दीड हात कमी गेली, साहेब खूश. मी दोरीला दोन झटके दिले, तर शिसं आणखी वीतभर खाली! भरलेला गाळ नुसता भुसभुशीत. पाइलला आधार म्हणून तो धरू नकोस.

वाळूमोज्या: काकांना +१. आणि ७.८ ही कमाल मर्यादा नाही हं, सरासरी आहे. त्या १.३ चं प्रमाण विचलन (मोजमापं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातात ते) ०.७ आहे. एक विचलन वर गेलीस की थेट १२ मीटर. इंग्लंडच्या यार्मथजवळ स्क्रोबी सँड्सला ४.२ मीटरच्या पाइलभोवती ५ मीटरच्या आसपास खड्डे पडले, म्हणजे सूत्र अगदीच हवेतलं नाही. पण तिथे वाळूच वाळू. तुझा बोअरलॉग (तळाला भोक पाडून केलेली थरांची नोंद) काय म्हणतो?

रेवदंडेकरीण: वर ४ मीटर वाळू, खाली कडक चिकणमाती.

वाळूमोज्या: मग आधी हे सांगायचं ना! वाळूचं सूत्र ४ मीटरपाशी संपलं. ते ४ मीटर गेलेच समज. पुढे चिकणमाती किती सावकाश झिजते, ते नमुन्यावर पाणी सोडूनच कळेल.

रेवदंडेकरीण: नमुन्याची नळी लॅबच्या फ्रिजमध्ये पडून आहे, उद्या मागते. आणि काका, वादळानंतरच्या सर्व्हेखाली मी 'खड्डा भरला, धोका नाही' असं लिहिलं होतं. आत्ताच खोडलं.