कुंडीतला टोमॅटो: फळ कुठे बिघडतंय? आपापले अनुभव लिहा

रोप जगवण्याबद्दल पुष्कळ बोलून झालंय. इथे फक्त फळाबद्दल लिहूया. फुलं गळतात, फळ खालून काळं पडतं, तडकतं, पिवळंच राहतं... जे दिसलं ते लिहा. गाव, ऊन किती, कुंडी केवढी हेही लिहा; त्याशिवाय दुसऱ्याला उपयोग होत नाही.

सुरुवात मी करते. पुणे, पश्चिमेची बाल्कनी. पहिल्याच घोसातल्या फळांना देठाच्या विरुद्ध टोकाला पाणचट डाग आला. दोन-चार दिवसांत तो तपकिरी झाला, मग काळा, आणि चामड्यासारखा आत खचला. ही बुरशी नव्हे, त्यामुळे फवारण्या करत बसू नका. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. दुपारी कुंडी सुकली की असेल तेवढं पाणी पानं ओढतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. रोप आठ इंची कुंडीतून वीस लिटरच्या बादलीत हलवलं, वर पाचटाचा जाड थर दिला आणि रोज सकाळी तळातून निथळेपर्यंत पाणी घातलं. डागाळलेली फळं तोडून टाकली. पुढचे घोस स्वच्छ आले. अंड्याची टरफलं घालायला हरकत नाही, पण ती कुजायला फार वेळ लागतो. या हंगामातलं फळ त्यांनी वाचत नाही.

नागपूर, उघडी गच्ची
आमच्याकडे एप्रिल लागला की नुसती फुलं. दिवसा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रही गरमच राहिली की पराग निकामी होतात, फूल देठाच्या गाठीशी पिवळं पडून गळतं. खताने ते थांबत नाही. म्हणून मी बी ऑगस्टअखेरीस टाकतो आणि थंडीत फळं घेतो. हिरव्या नेटमुळे फळांवरचे उन्हाचे पांढरे चट्टे मात्र थांबले.

मुंबई, अकराव्या मजल्यावरची सरकत्या काचांची बाल्कनी
वारा नाही, मधमाशी नाही. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण पराग झडायला हादरा लागतो. सकाळी दहा-अकराला, फूल पूर्ण उमललेलं असताना, घोसाच्या देठाला मागून बॅटरीवरचा टूथब्रश टेकवते. खाली काळा कागद धरला तर पिवळी भुकटी पडलेली दिसते. तेव्हापासून फळं धरायला लागली.

नाशिक, शेतातही टोमॅटो आणि दारात कुंड्याही
मुंबईच्या ताईंची युक्ती चांगली आहे. फळ तडकण्याबद्दल लिहितो. ताण पडलेल्या झाडाला एकदम पाणी मिळालं, पाऊस झाला, की आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही. शेतात आपल्या हातात नसतं. कुंडी तर उचलून वळचणीला ठेवता येते! आणि फळाने रंग धरला की तोडा, घरात पिकतं. उन्हाळ्यात याचा आणखी एक फायदा: ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही, फळ झाडावर पिवळट-नारिंगीच राहतं.

देठाजवळ गोल भोक आणि बाहेर ओली विष्ठा दिसली तर घाटेअळी. फळ अळीसकट काढून नष्ट करा, शेजारी झेंडू लावा. पानांवर पांढरट फुगीर डाग आणि फळावर टाचणीएवढी भोकं असतील तर टुटा ही नागअळी समजा. २०१४ साली ती आपल्या राज्यात पहिल्यांदा सापडली. असं पान दिसताक्षणी खुडा.

टोरांटो, दक्षिणेची बाल्कनी
आमची अडचण उलटी. ऑक्टोबरात थंडी येते आणि झाडावर हिरवीगार फळं लटकलेली. पहिल्या हिमाआधी सगळी उतरवते. पूर्ण वाढलेली, हिरवी चमक थोडी फिकटलेली फळं कागदी पिशवीत एका पिकल्या केळ्याबरोबर ठेवली की लाल होतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, पिकणं थांबतं आणि चवही जाते. अगदी कोवळी असतात त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी.